अंगातली ताकद : हप्त्याहप्त्याने

लेखक : ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय जरा वेगळा घेतला आहे. उसाच्या अंगात साखर कशी भरावी हे आपण पुष्कळ बोललो. तो ऊस पिकवणाऱ्याच्या अंगात ताकद कशी भरावी आणि भरलेली कशी टिकवावी, हे आज बोलायचे आहे. विषय सुचण्याचे कारण आमच्याच कमरेत आहे, तेव्हा आधी ते सांगतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्वहंगामी लागणीच्या एका प्लॉटवर आम्ही गेलो होतो. ट्रॉलीतून डीएपीची पोती उतरवणे चालले होते. एक माणूस कमी पडला म्हणून आम्ही उत्साहाने पुढे झालो. पन्नास किलोचे पोते वाकून धरले, झटक्याने उचलले, आणि कमरेत अशी उसण भरली की बांधावरच खाली बसलो. दोघांनी धरून जीपमध्ये घातले. ऐन हंगामाच्या तोंडावर तीन आठवडे अंथरुणात काढावे लागले. नोंदीचे दप्तर, तोडणीचा प्रोग्रॅम, सगळा भार सहकाऱ्यांवर पडला.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि म्हणाले, "मणके ठीक आहेत. कमरेचे, पोटाचे आणि मांड्यांचे स्नायू मात्र दुबळे झालेत. व्यायाम काय करता?"

आम्ही म्हणालो, "डॉक्टर, दिवसभर शेतातच तर फिरतो."

"कशावरून फिरता?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. मोटारसायकलवरून दिवसाला साठ किलोमीटर फिरण्याला फिरणे म्हणत असतील, तर आम्ही फिरत होतो.

कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा

आपल्यापैकी पुष्कळ सभासद म्हणतील की शेतकऱ्याला व्यायामाची काय गरज? तो तर कष्टाचाच माणूस. आमचेही मत असेच होते. पण आपल्या आजोबांची शेती आणि आजची शेती शेजारी ठेवून पाहा. मोट गेली, इंजिन आले, मग मोटर आली. आता मोबाईलवरून मोटर चालू होते. नांगरट ट्रॅक्टरने, पाणी ठिबकने, तोडणीला टोळी नाहीतर मशीन. हे चांगलेच झाले. पण अंगाला रोज पडणारा भार त्याबरोबर गेला. उरले ते अधूनमधूनचे काम. पंधरा दिवस काही नाही आणि एके दिवशी चाळीस पोती. अशा दिवशीच कंबर जाते, खांदा उखडतो.

दुसऱ्या टोकाला आपल्या ऊसतोड मजूर बंधू-भगिनींकडे पाहा. पहाटेपासून तोड, मोळ्या बांधणे, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवणे. कष्ट म्हणाल तर यापुढे नाहीत. तरी चाळिशीतच त्यांचे गुडघे आणि मान बोलू लागतात. कारण या कामात भार आपल्या ताकदीप्रमाणे ठरत नाही आणि विसावा मिळत नाही. स्नायूला ताण पडला की तो किंचित झिजतो, आणि विसावा व अन्न मिळाले की पहिल्यापेक्षा थोडा बळकट होऊन भरून येतो. ताण, विसावा, अन्न, आणि पुन्हा जरासा जास्त ताण. हे चक्र मोजूनमापून फिरवणे म्हणजे व्यायाम.

वय वाढते तसे हे अधिक लागते. साधारण तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू थोडे थोडे घटत जातात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. म्हातारपणी बाजेवरून उठताना हात टेकावे लागतात, बांधावरून उतरताना तोल जातो, पडले की खुब्याचे हाड मोडते. भगिनींची पाळी गेल्यानंतर हाडेही झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात, म्हणून हा लेख त्यांच्यासाठीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यात चालण्याफिरण्याबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सर्व प्रौढांना सांगितला आहे. पासष्टीच्या पुढच्यांनाही त्यात सवलत दिलेली नाही. उलट त्यांनी तोल सांभाळण्याचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावा असे म्हटले आहे.

"आता आमचं वय झालं" म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला देतो. अमेरिकेत बोस्टन येथील वृद्धांच्या एका संस्थेत नव्वदीच्या आसपासच्या दहा दुबळ्या माणसांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम देखरेखीखाली दिला. १९९० साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पहिल्यापेक्षा अडीचपटीहून जास्त झाली. नव्वदीत हे होते, तर आपल्या पन्नाशी-साठीत का होणार नाही?

आमचे चुकले कुठे

कंबर बरी झाल्यावर जानेवारी २०२३ मध्ये आम्ही तालुक्याच्या गावी जिममध्ये नाव घातले. वर्षाची फी एकदम भरली, म्हणजे पैशाच्या भीतीने तरी जाऊ असा हिशेब होता. पहिल्याच दिवशी तेथील पोरांच्या बरोबरीने सगळ्या मशीनवर हात मारला. दुसऱ्या दिवशी शर्ट घालताना हात वर होईना. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना बायकोने हात धरला. कसेबसे अकरा दिवस गेलो. मग गाळपाची गडबड निघाली आणि जिम सुटली ती सुटलीच. दिवाळी २०२३ नंतर पुन्हा एकदा जोर धरला. तो दोन आठवडे टिकला. यात जिमचा किंवा तेथल्या शिकवणाऱ्याचा काही दोष नाही. दोष आमच्या घाईचा.

जून २०२४ मध्ये आमच्या गटातील एका गावी नोंदीसाठी गेलो असता तालमीच्या कट्ट्यावर जुने वस्ताद बसलेले भेटले. वय सत्तरीच्या पुढे, पण बसल्या जागेवरून हात न टेकता उठतात. ते सभासदही आहेत. आमचे रडगाणे त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "साहेब, आमाला मीटिंगमधी काय सांगता? उसाला सगळं खत एका दिवशी टाका म्हणून सांगता व्हय?"

"नाही वस्ताद. हप्त्यानं द्या म्हणून सांगतो."

"मग अंगाला एकदम का टाकताय?"

आम्ही निरुत्तर झालो. सुरू उसाला नत्र चार हप्त्यांत द्यावे, लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला उरलेले ४० टक्के, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. एकदम टाकलेले खत पाण्याबरोबर वाहून जाते हेही सांगतो. अंगाच्या बाबतीत मात्र तेच विसरलो होतो.

तालमीने शिकवलेली रीत

आपल्या भागाला ही रीत नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमींना आश्रय दिला, रोमचा आखाडा पाहून आल्यावर खासबाग मैदान बांधविले, ते १९१२ साली पुरे झाले. गावोगावच्या तालमीत पहाटेची वेळ ठरलेली असे. जागा ठरलेली, सोबती ठरलेले आणि वर वस्तादाची नजर. नवा पोरगा आला की त्याला पहिल्याच दिवशी कुस्तीला सोडत नसत. आधी माती उकरायला लावीत, मग मोजके जोर आणि मोजक्या बैठका, आणि त्यात दर काही दिवसांनी थोडी भर.

कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला गेले, तेव्हा सहावे आले. तेथे गादीवरची कुस्ती होती आणि त्यांचे अंग मातीत तयार झालेले. परत येऊन त्यांनी चार वर्षे मेहनत केली. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी गावाने वर्गणी काढली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकले, आणि खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. सहाव्या नंबरावरून तिसऱ्या नंबरावर यायला चार वर्षांच्या पहाटा लागल्या, हे आपल्या पोरांना सांगण्यासारखे आहे.

जे वस्ताद अनुभवाने करीत, तेच पुढे डॉक्टरांनी मोजून दाखवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डिलॉर्म नावाचे डॉक्टर गुडघे दुखावलेल्या सैनिकांवर उपचार करीत होते. त्या वेळी अशा रोग्यांना हलका व्यायाम पुष्कळ वेळा करायला लावण्याची पद्धत होती. डिलॉर्म यांनी पेलेल तेवढे जड वजन, मोजक्या वेळा, आणि पेलू लागले की थोडे वाढवायचे, अशी पद्धत घातली. १९४५ साली त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. जगभरच्या जिममध्ये आज जे 'सेट' आणि 'रेप' मोजतात, त्यात या पद्धतीचा मोठा वाटा आहे.

करायचे काय

वस्तादांच्या सल्ल्याने आणि डॉक्टरांना विचारून आम्ही जे सुरू केले ते असे. यासाठी जिम असलीच पाहिजे असे नाही. वीस लिटरचे दोन पाण्याचे कॅन पुरतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा वजन वाढवायला कॅनसारखे सोयीचे साधन नाही.

१) बैठक : सुरुवातीला बाजेवर किंवा खुर्चीवर बसून हात न टेकता उठणे. जमू लागले की मोकळी बैठक. मग छातीशी कॅन धरून.

२) जोर : आधी भिंतीला हात लावून, मग ओट्यावर, मग जमिनीवर.

३) उचल : पाय खांद्याइतके फाकवून, पाठ सरळ ठेवून, कंबर मागे नेत वाकायचे आणि पायांच्या जोरावर उठायचे. कॅन अंगाजवळ. आम्ही पोते उचलताना पाठ गोल केली आणि झटका दिला, तेथेच घात झाला.

४) ओढ : एक हात बाजेवर टेकून दुसऱ्या हाताने कॅन कमरेपर्यंत ओढणे, मग हात बदलणे.

५) वाहणे : दोन्ही हातांत सारखे वजन घेऊन ताठ चालणे, चाळीस-पन्नास पावले.

पहिल्या चार प्रकारांचे तीन-तीन फेर, प्रत्येक फेरात आठ ते बारा वेळा. वाहण्याच्या तीन फेऱ्या. दोन फेरांमध्ये दीड-दोन मिनिटे दम घ्यावा. फेर संपताना "अजून दोन-तीन वेळा झालं असतं" असे वाटले पाहिजे, तेवढ्यावर थांबावे. वजन उचलताना श्वास सोडावा, कोंडू नये. तिन्ही फेरांत बारा वेळा सहज होऊ लागले की कॅनमध्ये एक लिटर वाढवावे आणि पुन्हा आठपासून सुरू करावे. वजन हातात धरायचे नसेल तेथे पुढची पायरी घ्यावी, म्हणजे भिंतीवरून ओट्यावर.

हे आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. आम्ही सोमवार, बुधवार आणि शनिवार धरले आहेत. सगळे मिळून पाऊण तास लागतो.

ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह किंवा हर्निया आहे त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तेथेच थांबावे.

सवय कशी लागते

आता मुख्य मुद्दा. व्यायाम माहीत नसतो म्हणून कोणी सोडत नाही. तो चालू राहत नाही म्हणून सुटतो. त्याची कारणे आम्ही स्वतःवरून सांगू शकतो.

पहिले म्हणजे, सुरुवातीला आरशात काही दिसत नाही. पहिल्या एक-दोन महिन्यांत जी ताकद वाढते ती बहुतांशी मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. स्नायूचा आकार मागाहून वाढतो. नव्या लागणीत पहिला दीड महिना वरून काय दिसते? तेव्हा आपण ऊस मोडत नाही. पोरांना मात्र पंधरा दिवसांत दंड फुगलेले हवे असतात, आणि ते फुगले नाहीत की त्यांचा धीर सुटतो.

दुसरे म्हणजे, सवय लागायला वेळ लागतो. लंडनच्या एका विद्यापीठात ९६ जणांवर याचा अभ्यास झाला, तो २०१० साली छापून आला. एखादी नवी गोष्ट आपोआप होऊ लागायला मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवसही लागतील असे दिसले. याच अभ्यासात असेही दिसले की एखादा दिवस चुकला तर सवय मोडत नाही. एक दिवस चुकला म्हणून सगळे सोडून देण्याचे काही कारण नाही.

तिसरे म्हणजे, जोशावर भरवसा. जोश पावसासारखा आहे, पडला तर पडला. ठरलेली पाळी पाटाच्या पाण्यासारखी असते. म्हणून आम्ही व्यायाम सकाळच्या चहाला बांधून टाकला. पाच वाजता उठणे, तोंड धुणे, कॅन उचलणे, मग चहा. कॅन आदल्या रात्री अंगणात भरून ठेवतो. समोर दिसला की टाळाटाळ कमी होते.

चौथे म्हणजे, सोबत. शेजारचे दोघे येतात. आम्ही उठलो नाही तर ते दारात हाक मारतात. शरमेने तरी उठावे लागते.

पाचवे म्हणजे, वही. शंभर पानी वहीत तारीख, प्रकार, लिटर आणि किती वेळा एवढेच लिहितो. नोंद नसलेल्या उसाचे काय होते ते सभासदांना सांगायला नको.

गाळप हंगामात किंवा लागणीच्या घाईत पूर्ण व्यायाम होत नाही. अशा आठवड्यात निम्मा करावा. तीन फेरांऐवजी एकच फेर, दहा मिनिटांत. सलग दोन पाळ्या मात्र चुकवू नयेत, असा नियम आम्ही घालून घेतला आहे. तो दोनदा मोडला हेही कबूल करतो. डिसेंबर २०२४ मध्ये तर वहीत सतरा दिवस कोरे आहेत. अठराव्या दिवशी वजन पाच लिटरने कमी करून पुन्हा सुरू केले.

खाणे, झोप आणि एक इशारा

स्नायू भरायला प्रथिने लागतात. व्यायाम करणाऱ्याने आपल्या वजनाच्या दर किलोला दिवसाला एक ते दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात जातील असे पाहावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात, मूठभर शेंगदाण्यात तेवढेच किंवा थोडे जास्त, अर्धा लिटर दुधात सोळा-सतरा. डाळ, हरभरा, मटकी, हुलगा आपल्या घरचाच. घरचे दूध सगळे डेअरीला घालून बाहेरून महागडा डबा आणणे हा उलटा व्यवहार आहे. झोप सात तास तरी हवी. भरून येण्याचे काम झोपेतच होते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. अलीकडे खेड्यापाड्यांतही ताकदीच्या नावाखाली इंजेक्शने आणि गोळ्या पोरांच्या हाती पडू लागल्या आहेत. काहींमध्ये स्टेरॉइड असते. त्याने यकृत आणि हृदय बिघडते, मूल होण्यात अडचण येते. काही औषधे तर भूल देताना घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असतात, ती पोरे व्यायामाआधी टोचून घेतात. त्यात जीव जाऊ शकतो. सभासदांनी मुलांच्या पिशवीकडे लक्ष ठेवावे, आणि रागावण्याआधी त्यांच्याबरोबर चार दिवस व्यायामाला जाऊन पाहावे.

शेवटी

आम्ही दोन्ही कॅन चार-चार लिटर पाण्यावर सुरू केले. सहा महिन्यांनी ते भरून वाहू लागले. गेल्या हंगामात युरियाचे पोते, हल्ली ते ४५ किलोचे असते, नीट वाकून उचलले आणि खाली ठेवले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण आम्हाला मनातून फार बरे वाटले. कंबर पूर्ण बरी झाली असे म्हणणार नाही. पावसाळी हवेत ती आठवण देते. पण बाजेवरून उठताना आता हात टेकावा लागत नाही.

ज्या गावच्या तालमीत वस्ताद भेटले, त्या तालमीत गेली काही वर्षे ठिबकच्या जुन्या नळ्या आणि रिकामी पोती पडून होती. चार सभासदांच्या पोरांनी ती बाहेर काढली आणि माती चाळून घेतली. सोमवार, बुधवार, शनिवार पहाटे तेथे दिवा लागतो. वस्ताद कट्ट्यावर बसून मोजतात. आपल्याही गावात अशी एखादी बंद तालीम असेल, तिची किल्ली कोणाकडे आहे एवढे विचारून पाहावे. पुढील गट बैठकीला येताना ज्यांनी सुरुवात केली असेल त्यांनी आपली वही बरोबर आणावी. आम्हीही आमची आणू, कोऱ्या पानांसकट.

जय सहकार!